नोरा सग्डनचा आठवा हेन्री

आमच्या रेवनथ्वेट गावच्या नाटकात राजाचे काम करायला पुरुष मिळत नाही. मठाधिपती व्हायला सगळे तयार असतात. त्याच्यासाठी प्रेक्षक डोळे पुसतात. राजाला मात्र हुर्यो देत घरापर्यंत पोहोचवण्याची प्रथा आहे. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले, देशभरचे मठ बंद केले आणि त्यांत आमचाही मठ गेला. दर ऑगस्टमध्ये मठाच्या छप्पर नसलेल्या भिंतींच्या आत, गवतावर, तो बंद झाला त्या दिवसाचे नाटक आम्ही करतो. खुद्द राजा या खोऱ्यात कधी फिरकला नव्हता. नाटकात मात्र तो येतो, आणि वीसेक वर्षे तो नोरा सग्डनच्या रूपाने आला.

नोरा खाटकाचे दुकान चालवी. नवरा लवकर गेला; दुकान तिने सोडले नाही. उंच, रुंद खांद्यांची, मोजके बोलणारी बाई. लाल दाढी चिकटवून ती मठाच्या किल्लीसाठी हात पुढे करी, तेव्हा कोणी हसत नसे.

आणि नेमकी हीच गोष्ट नाटक समितीचे अध्यक्ष ऑल्डस रेस्ट्रिक यांना खटकत होती.

"बाहेरगावची माणसं येतात, नोरा. त्यांना जरा गंमत हवी," ते बैठकीत म्हणाले. "हातात कोंबडीची तंगडी धर, हेन्रीच्या सहा बायकांवर दोन विनोद टाक. तुला जमत नसेल तर माझा भाचा करील."

"मुळात त्याला वाईट तरी कशाला ठरवता?" पबवाला क्लिफर्ड हॉ म्हणाला. "मेंढ्या मठाच्या, गिरणी मठाची. आपले पूर्वज नुसते राबायला. हेन्रीनं बरंच केलं."

टिली प्रॉक्टरच्या घराण्याने कॅथलिक पंथ कधीच सोडला नव्हता. ती म्हणाली, "आणि आजाऱ्याला खाट कोण देत होतं? दारात पाव कोण वाटत होतं? तुझा पब?"

"पबात निदान गुडघे टेकावे लागत नाहीत, टिली."

"बंद व्हायच्या वेळेला तुझी निम्मी गिऱ्हाइकं गुडघ्यांवरच असतात."

हशा ओसरल्यावर नोरा बोलली. "तुम्ही दोघंही खरं तेच बोलताय. म्हणून तर त्याचा विदूषक करायचा नाही. विदूषकाला हसून माणसं मोकळी होतात. हुकूम त्याचा होता, ऑल्डस. गाड्या कुणाच्या होत्या?"

"कसल्या गाड्या?"

"मठाचे दगड नेणाऱ्या. माझ्या दुकानाची पायरी उलटून बघ. खाली द्राक्षाचं पान कोरलंय. खाटकासाठी नव्हतं कोरलं कुणी."

ऑल्डस समोरचे कागद जुळवू लागले; नोराने पुढचे सांगून टाकले.

"या वर्षी मला माझ्या पद्धतीनं करू दे. नाही पटलं, तर दाढी तुझ्या भाच्याला."

ऑल्डसनी ते मान्य केले.

नाटकाच्या दिवशी मठाधिपतीने किल्ली दिली आणि हुर्यो सुरू झाली. इथे राजाने निघून जायचे असते. नोरा भिंतीआड गेली ती हातगाडी ओढत परत आली. गाडीत तिच्या दुकानाची पायरी होती, कोरलेले पान वर करून ठेवलेली.

"हुकूम मी दिला," ती राजाच्याच आवाजात म्हणाली. "हा दगड सग्डनांनी नेला. मठवासी रस्त्यावर आले आणि सग्डनांनी घराला पायरी केली. आणखी कुणी नेलं?"

हुर्यो थांबली. प्रेक्षकांतून क्लिफर्ड उभा राहिला. "पबातल्या शेकोटीवरची कमान."

मग, कोणाला वाटले नव्हते ती कॅथलिक घराण्यातली टिलीही उठली. "आमच्या गोठ्याचा खांब," ती हळूच म्हणाली.

"माझ्या बागेत पक्षी पाणी पितात," ऑल्डस म्हणाले, "ते भांडं पवित्र पाण्याचं आहे."

त्यानंतर एकेक करून निम्मे गाव उभे राहिले. मीही राहिलो; आमच्या विहिरीचा कठडा मठाचाच आहे. सारा अपराध मेलेल्या राजाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते. माझ्या गावाने त्या दुपारी ते नाकारले, आणि त्या गावचा असल्याचा मला आजही अभिमान आहे.

नोरा निघाली, तेव्हा लोक मुकाट्याने मागे चालू लागले. आपल्या दुकानाच्या पायरी नसलेल्या दाराशी ती वळली.

"हुर्यो विसरलात होय? मठ बंद केलाय मी. त्यातून मला सूट नको."

मग हुर्यो झाली, मनापासून झाली. गर्दी पांगल्यावर ऑल्डस मागे रेंगाळले. "दाढी तुझ्याकडेच राहू दे, नोरा," ते म्हणाले.

"राहील," ती म्हणाली. "आधी ही पायरी बसवायला हात लाव."