खडाच निघू दे

वडिलांना कावीळ झाली तेव्हा आईने घरात हळद बंद केली. पांढरं वरण खाऊन आम्ही कंटाळलो होतो आणि वडील अंग खाजवून दमले होते. सोनोग्राफीत पोटातल्या गॅसमुळे पित्तनळीचं खालचं टोक दिसलं नाही. तिथे खडा असेल किंवा गाठ, असं म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. सुरतेत तेव्हा ते यंत्र मोजक्याच ठिकाणी होतं. रिक्षात आई सारखी पुटपुटत होती, "खडाच निघू दे."

"काका, श्वास रोकी राखो," यंत्राजवळचा माणूस म्हणाला.

वडील शिक्षक. आडवे होत मला म्हणाले, "जन्मभर पोरांना गप्प बसवलं, आता माझी पाळी."

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. फुगलेल्या नळीच्या तळाशी पांढरा ठिपका होता. "खडाच आहे. दुर्बिणीने काढू."

आईने डोळे मिटून घेतले. घरी येताच तिने वरणात हळद घातली.

"अगं, कावीळ अजून उतरायची आहे," वडील म्हणाले.

"उतरेल हो. जेवा आता."

ती उतरली. पुढे काही वर्षांनी आईचेच डोळे पिवळे झाले, आणि मीही घरात हळद बंद केली. तिच्या फिल्मवर खडा नव्हता. ती गेल्यावरही कितीतरी दिवस आम्ही दोघं पांढरंच वरण जेवत होतो. हळद पुन्हा कधी घालायची, हे ती ठरवायची.