नाव घेतल्याबिगर ओ न्हाई

त्या दिवशी होडीत आमी चौघं होतो. धरण मापाया आलेली म्याडम, होडीवाले जब्बारभाई, माझी सून सुमन आन मी. भाकरीचं गठुडं धरलं तर पाच.

म्याडम कानामागं हात धरून बसायची. पान्यातला आवाज होडीतल्या मशीनला ऐकू यायचा, तिला न्हाई. तरी हात कानामागंच. आन तोंडानं, "ओ दे रे बाबा, ओ दे."

माजलगावच्या धरणात तळाला तिनं पिवळे डबे सोडलेते, गाळ आन पानी मापायला. ते खाली सरकायचे. मग कोनता डबा कुठं गेला, कसं कळनार?

"फोनवर का दिसत न्हाई?" मी इचारलं.

"पाण्यात रेंज जात नाही, मावशी. आवाज जातो."

वर तीन डबे तरंगत ठेवलेले. ते हाक मारनार, खालचा ओ देनार. ओ यायला जितका येळ, तितका तो लांब. तीन बाजूंनी मापलं की जागा घावली. परतेक डब्याला नाव.

"नाव घेतल्याशिवाय ओ नाही, मावशी. नाहीतर सगळेच एकदम ओरडतील."

म्याडम नवऱ्याला बी फोनवर नावानंच बोलायची. "अरे संदीप, कुकर लाव." सुमन तोंडाला पदर लावून हसायची.

माझे मालक याच पान्यात गेले. तराफ्यावरून जाळं टाकाया गेलते. तराफा घावला, मानूस न्हाई. मी काठावरून लई हाका मारल्या, "अवो, अवो." नाव काय तोंडात आलं न्हाई.

म्हनून इचारलं, "तुमचं मशीन त्यांना हुडकील का?"

म्याडमनं कानामागचा हात काढला. "जो ओ देतो तोच सापडतो, मावशी."

जरा येळानं तिनं नवा डबा माझ्या मांडीवर ठिवला. "याला नाव तुम्ही द्या."

कुनाचं ते दोघींना बी कळलं.

"मी कसं घेऊ?"

"उखान्यात घ्या की, भाभी," जब्बारभाई म्हनले. "लग्नात घेतलंच आसंल."

नवरा गेलेल्या बाईनं उखाना घेऊ न्हाई म्हनतात. पर धरणाच्या मधी कोन बघतंय? घेतला.

"भरल्या धरणाला वाऱ्याची लाट,
रंगनाथरावाचं नाव घेते, बघते वाट."

डबा खाली गेला. म्याडमनं बटन दाबलं, कानामागं हात धरला. "रंगनाथराव, ओ द्या."

मशीन वाजलं.

"दिला, मावशी."

सुमन हसली न्हाई. मी भाकरीचं गठुडं सोडलं.

काम सरलं तवा सगळे डबे वर काढले. तो एक आला न्हाई. कुनाच्या जाळ्यानं वढला आसंल. म्याडमनं अख्खा दिवस हाका मारल्या. मग हात खाली घेतला. "बॅटरी संपली, मावशी. आता तो ओ देणार नाही." दुसऱ्या दिवशी ती आपल्या गावाला गेली. जब्बारभाईच्या होडीत तिच्या जागेवर आता जाळं आसतं.

धरणावर मासे धरनाऱ्यांना यवढंच सांगनं हाय. जाळ्यात पिवळा डबा आला तर फोडू नका, भंगारात घालू नका. मला आनून द्या. ओ देत नसला तरी.