मामाने पत्र्याला कान लावला

आईचा फोन आला तेव्हा आमची जेवणाची सुट्टी संपत आली होती. "मामा गेला गं... चहा पिऊन ओट्यावर बसला होता, तसाच कलंडला." मी बडोद्याजवळ विमानाचे भाग जोडणाऱ्या कारखान्यात काम करते. फोन ठेवला आणि सुरतेची गाडी पकडायला निघाले. वाटभर रडू येईल असं वाटत होतं. पण कीम स्टेशन ओलांडेपर्यंत मला आठवत राहिला तो मामाचा उत्साह, आणि भरल्या डब्यात मी चक्क हसले.

हिलालमामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. धुळ्याकडचा. नाशिककडे एका विमान कारखान्यात त्याने उभी हयात पत्रे जोडणारे रिव्हेट मारले. मामी गेल्यावर आईने त्याला सुरतेत गोडादऱ्याला आमच्याकडे आणलं. मी तेव्हा आयटीआय करूनही साड्यांना टिकल्या चिकटवत होते. एका विमान कारखान्यात पत्राकामासाठी मुली घेणार, महिन्याभराने परीक्षा, असं मामाला कुठूनसं कळलं आणि तो पायात चप्पल न घालताच मला सांगायला खाली गल्लीत आला.

कामरेजला जयेशभाईंचा बसची बॉडी बांधायचा कारखाना होता. त्यांच्या शेडचा एक कोपरा मामाने मागून घेतला. जुन्या ओळखीतून पत्र्याचे तुकडे आणि डबाभर रिव्हेट आणले. पहिल्याच दिवशी मी पत्रा टेबलावरून ओढला, तर केवढा ओरडला! "हाऊ पत्रा शे, ताट नही!" मग मला शेजारी बसवून त्याने समजावलं. विमानाचा पत्रा तीन थरांचा. मधला मिश्रधातू ताकदवान, पण त्याला लवकर गंज धरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमची अगदी पातळ साय असते. चरा त्या सायीच्या खाली गेला की संपलं. साध्या शिसपेन्सिलीने रेघसुद्धा मारायची नाही, त्यानेही गंज धरतो. मामा माझ्या भाचीचे स्केचपेन पळवून आणायचा, आणि आमच्या पत्र्यांवर गुलाबी रेघा असायच्या.

रिव्हेटच्या डोक्यावरच्या खुणा त्याने मला डोळे मिटून बोटाने ओळखायला लावल्या. मधोमध बारीक खळगा असला तर तसाच मारायचा. दोन उंच रेघा असल्या तर मात्र तो आधी भट्टीत तापवून पाण्यात विझवायचा आणि बर्फासारख्या गारठ्यात ठेवायचा. गार आहे तोवर मऊ. बाहेर काढला की काही मिनिटांत कडक होऊ लागतो, मग ठोकला तर तडकतो. गारठा कुठून आणणार? शेजारच्या कुल्फीवाल्याच्या फ्रीझरमधून! मे महिन्याच्या उन्हात मी मुठीत डबी धरून धावायचे आणि शेडच्या दारातून मामा ओरडायचा, "धाव बेटा, धाव! कडक व्हई ऱ्हायना तो!" जयेशभाईंचे कारागीर हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायचे.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक समोरून रिव्हेटची गन चालवतो, दुसरा पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मागचा माणूस ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करतो. एकदा म्हणजे अजून मार. दोनदा म्हणजे छान. तीनदा म्हणजे वाया गेला, काढ. मामा म्हणायचा, "मागचा माणूस जे सांगेल ते खरं. तुझ्या बाजूने डोकं कितीही देखणं दिसू दे."

परीक्षेत माझ्या पत्र्यामागे बारडोलीची एक अनोळखी मुलगी होती. शेवटची ओळ, वेळ संपत आलेली, आणि पलीकडून आलं... टक टक टक. माझ्या बाजूने तो रिव्हेट इतका सुंदर बसला होता! परीक्षक लांब उभे होते. तसाच सोडावा असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. काढायचा म्हणजे डोक्याच्या बरोबर मधोमध ड्रिल, तेही डोक्याच्या जाडीपुरतंच. जरा हात हलला की भोक मोठं होतं आणि सगळाच पत्रा बाद. मी मधोमध टोक टेकवलं आणि ड्रिल चालवलं. डोकं टिचकीसरशी निघालं. नवा रिव्हेट घातला, मारला आणि थांबले. दोन टकटक! घंटा झाली तेव्हा गन अजून माझ्या हातातच होती.

फाटकाबाहेर मामा सकाळपासून उभा होता. पास की नापास, हे विचारलंच नाही.

"वाया कितला?"

"एक. काढला."

"भोक?"

"जसं होतं तसं."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. ती रिक्षाच्या टपावर पडली आणि रिक्षा निघून गेली! निकाल लागायला आठ दिवस होते, पण मामाने त्याच संध्याकाळी गल्लीभर सुरती मिठाई, घारी, वाटली.

नोकरी लागल्यावर मी त्याला सुरतहून गोव्याला विमानाने नेलं. एवढी विमानं जोडलेला माणूस कधी विमानात बसलाच नव्हता. खिडकी पंखाजवळची मिळाली. हवाई सुंदरी पट्टा लावायला सांगायला आली, तर याने तिलाच विचारलं, "मॅडम, इस पंख में कितने रिव्हेट हैं, मालूम?"

ती हसली. "नहीं सर, आप बताइए."

"हमको भी नहीं मालूम. लेकिन एक भी ढीला नहीं है!"

विमान धावू लागलं तसा त्याने खिडकीशेजारच्या भिंतीला कान लावला. चाकांनी जमीन सोडली आणि तो अख्ख्या विमानाला ऐकू जाईल असा ओरडला, "उठनं बेटा, उठनं!" मागच्या रांगेतली माणसंही हसायला लागली. गोवा येईपर्यंत त्याने पंखावरच्या रिव्हेटांवरून नजर काढली नाही... समुद्र दिसला का विचारलं, तर म्हणाला, "कोणता समुद्र?"

त्याला जाऊन आता महिना होत आला. परवा घरी गेले होते. आई शेवभाजी करत होती. तिच्या मोठ्या कढईचा एक कान निघाला होता, हे मला माहीतच नव्हतं. "नवी आणू म्हटलं तर मामा ऐकेना," आई म्हणाली, "जायच्या आठवड्यात बसवून दिला." मी वाकून पाहिलं. कानाशी तीन रिव्हेट, एका रेषेत, इतके गुळगुळीत की घासणीचा धागाही अडकू नये. आईने पदर हाताला गुंडाळला, दोन्ही कान धरले आणि उकळत्या रश्श्याने काठोकाठ भरलेली कढई खाली उतरवली.

कान जरासुद्धा हलला नाही.