बेल्याचे बॅटरीवाले मामा

आदिलाबादकडच्या बेला गावच्या माझ्या मामांनी बॅटऱ्यांची जेवढी काळजी घेतली, तेवढी जगात कुणी स्वतःच्या प्रकृतीची घेतली नसेल. आसपासच्या गावांतले लोक त्यांच्याकडे चार्जिंगला बॅटऱ्या आणत. बॅटरी भरली रे भरली की मामा चार्जरचे चिमटे काढून घेत. ‘राहू द्या न घंटाभर आणखी,’ असं कुणी म्हणालं की उखडायचे, ‘काऊन? अंदरचं पाणी उकळून प्लेटा वाकवाच्या हायेत काय?’ आणि पार निपचित पडलेली बॅटरी कुणी आणली, तर प्लेटांवर चढलेला पांढरा थर दाखवून त्याची सगळ्यांदेखत हजेरी घेत. हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. माझ्या ताटात तिसरी भाकर पडू देत नसत आणि मामीला एकादशी पुरती धरू देत नसत. ‘फुल बी नाई, खाली बी नाई,’ हे ऐकून मामी कपाळावर हात मारून घ्यायची.

घरचा काळा-पांढरा टीव्हीही बॅटरीवरच चाले. चित्र कडेनं आकसू लागलं की बॅटरी उतरली, हे मामा ओळखत. मग पडद्यावर नायिका मरत असो की तिचं लग्न लागत असो, मामा चिमटा उपटत. अर्धं गाव त्यांच्या नावानं बोटं मोडत घरी जाई.

त्यांची मुलगी सुनंदा बोलताना फार अडखळायची. आदिलाबादला वसतिगृहात राहून तेलुगू शाळेत शिकणारी ही पोर टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेला निवडली गेली आणि हैदराबादला जाऊन परस्पर वसतिगृहात परतली. तिला तिथं बोलता आलं की नाही, हे आम्हाला कळलं नव्हतं. कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी गावात दोन दिवसांपासून वीज नव्हती आणि बॅटरी आधीच निम्म्यावर आलेली.

सुनंदाची पाळी येईपर्यंत चित्र तळहाताएवढं झालं. प्रश्न विचारला गेला. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मामांचा हात सवयीनं चिमट्याकडे गेला, थबकला, आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. ‘बोल माय, सावकाश बोल,’ ते टीव्हीला म्हणाले. सुनंदानं पुन्हा सुरुवात केली आणि उत्तर सांगितलं. टाळ्या वाजल्या आणि पडदा काळा झाला.

मामांना तेलुगू बाजारापुरतीच यायची. ‘पुरं बोलली न पोट्टी?’ त्यांनी मला विचारलं.

‘पुरं बोलली, मामा.’

त्या क्षणी मला मामांचा फार अभिमान वाटला. ती बॅटरी पुढे कधी धड भरली नाही, पण मामांनी तिचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते आदिलाबादला गेले. बापलेक वसतिगृहाच्या पायरीवर बसले. मग सुनंदाच बोलू लागली, ती परतीची बस चुकेपर्यंत बोलत होती आणि मामा ऐकत होते.

मामा वारल्यावर सुनंदानंच मला हे सांगितलं. अडखळत, पण शेवटपर्यंत.