दादाचा फोटो तिच्या घरी

माझा दादा फौजेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याची तुकडी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेली. तिथल्या छावणीतून घरच्यांना ई-मेल पाठवायची सोय होती, पण आमच्याकडं ई-मेलचा पत्ताच नव्हता. मी सांगलीत वसतिगृहात राहून बी.ए. करत होते. इस्लामपूरकडच्या आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कॉम्प्युटर होता तो माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी. म्हणून जाताना दादानं तिचा पत्ता घेतला आणि त्याची पत्रं तिच्याकडं येऊ लागली.

ती वर्गात येऊन सांगायची, "आपल्या दादाचं मेल आलंय." मला ते टोचायचं. तिला भाऊ नव्हता हे कळत होतं, तरी टोचायचं. संध्याकाळी मी तिच्या घरी जायचे. तिची आई चहा द्यायची. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायची, मी बाजूच्या स्टुलावर. पत्र मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. हितं लय ऊन हाय, आईला सांग मी बरा हाय. सोबत फोटो असला की पत्राच्या नावापुढं क्लिपचं चित्र दिसायचं. फोटो उघडायला फार वेळ लागतो म्हणून ती तो आधीच उघडून ठेवायची, माझ्या सोयीसाठीच. "मागं बघ, खाटेवर मांजर आहे," ती म्हणायची. ते मांजर मला माझं मला शोधायचं होतं.

शेवटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी स्वतःचा पत्ता काढला आणि दादाला कळवला. मैत्रिणीला काही बोलले नाही. बऱ्याच रिकाम्या फेऱ्या झाल्या. मग एका दुपारी दादाचं नाव दिसलं, पुढं क्लिप. त्यावर क्लिक केलं तर एक चौकट आली आणि विचारू लागली, उघडायचं की सेव्ह करायचं. सेव्ह केलेलं हरवणार तरी नाही, असं वाटून मी ते दाबलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली, चौकट नाहीशी झाली आणि समोर काहीच नाही. कॅफेवाल्याला विचारायची लाज वाटली. मागं मुलं थांबली होती. पाकिटातून काढलेला फोटो पाकिटात राहत नाही, तसा हाही पत्रातून निघून त्या परक्या कॉम्प्युटरमध्ये कुठंतरी पडला, असंच मी धरून चालले. तशीच मैत्रिणीकडं गेले.

सगळं सांगावं लागलं, वेगळा पत्ता काढल्याचंसुद्धा.

"माझ्याकडं येत होतं की. वेगळा कशाला?" तिनं विचारलं.

"मला आधी बघायचा होता गं त्याला," मी म्हणाले. "तुझ्या आधी."

सेव्ह झाली ती नुसती नक्कल, फोटो अजून पत्रातच आहे, एवढं तिनं समजावलं. इंटरनेट जोडून दिलं आणि खुर्चीतून उठली. मी बसले. पासवर्ड टाकला. क्लिप खरंच तिथंच होती.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं येऊ लागला. आधी नुसतं आभाळ. मग पत्र्याचं छत. मग निळी टोपी. मैत्रीण माझ्या खांद्यामागं उभी होती. मी मान न वळवता विचारलं, "तू जरा बाहेर थांबतीस?"

घर तिचं, कॉम्प्युटर तिचा. ती गेली.

टोपीखाली कपाळ आलं, मग डोळे. दादा वाळला होता. गालाची हाडं वर आली होती, पण हसत होता. बाहेर तिची आई तिला विचारत होती, अशी दारात का उभी राहिलीस. आत उकडतंय, असं काहीतरी ती म्हणाली.

तिला हाक मारायला हवी, हे मला कळत होतं. पण अजून थोडा वेळ तो फक्त माझाच असू दे, असं वाटत राहिलं, आणि मी तशीच बसून राहिले.