घरमालकिणीचा रंगीत टीव्ही

बायकोला मी पुष्कळ सांगितलं आहे, काही तर तिनं न विचारताच. हे मात्र नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, सिंदी मेघेतल्या आमच्या रिकामटेकड्यांच्या कट्ट्यालाही नाही — आणि त्या कट्ट्यावर मी सांगायचं बाकी तरी काय ठेवलंय? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. जवळच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

कट्ट्यावर माझी एक ठरलेली टेप आहे. कोणी हल्लीच्या मालिकांचा विषय काढला की मी सुरू! टीव्ही पाहावा तर विलायतेचा, तोही त्या काळचा. काय ती भाषा, काय तो विनोद, काय तो सभ्यपणा! आम्ही पाहिलाय, बावा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी हेच वाजवतोय आणि माणसं ऐकतायत. 'साहेब लंडनले राहून आले,' म्हणतात. लंडन कुठलं, डोंबलाचं! उत्तरेकडचं धुरानं काळवंडलेलं एक गिरणगाव होतं, आणि आमच्या सूतगिरणीनं नवी यंत्रं शिकायला सहा महिने तिथं पाठवलं होतं, एवढंच.

आणि खरं सांगू? ते कार्यक्रम भिकार होते.

शनिवारची संध्याकाळ म्हणजे काय, ते ऐका. घरमालकिणीकडे रंगीत टीव्ही, गल्लीत तेव्हा तो नवलाचा. खोलीत उकडलेल्या कोबीचा वास. आधी कुस्ती — चड्डीतले दोन ढेरपोटे एकमेकांवर पडायचे आणि आजीबाईच्या वयाच्या बाया 'मार त्याला' म्हणून किंचाळायच्या. मग एक माणूस फुटबॉलचे निकाल वाचायचा. नुसते निकाल! गावांची नावं आणि आकडे, आणि सगळं घर श्वास रोखून बसलेलं. मग प्रश्नोत्तरांचा खेळ, त्यात एक बाई किटली जिंकली म्हणून रडायची. मग गाणी — तोंडाला काळं फासलेले गोरे लोक दात विचकून गायचे. हा तो सभ्यपणा. हे मी तुम्हाला आज सांगतोय. तेव्हा मी काय करत होतो? माना डोलावत होतो. टीव्ही बंद व्हायच्या वेळी त्यांच्या राणीचं गीत लागायचं, तेव्हा घरमालकीण पाय पसरून चहा पीत असायची. उभा कोण राहायचा? मी. एकटा मी! तिनं एकदा मला 'बस रे बाबा' असा हात केला, तरी मी गीत संपेतो उभा.

इतकं सगळं सांगितलं, पण एक माणूस मी मघापासून गाळतोय. पाहिलं ना? सवयच आहे मला.

तिथं आम्ही दोघं होतो. नामदेव — कारंजा घाडगेकडचा, गोंडाच्या घरातला, गिरणीत यंत्रं जुळवणारा जॉबर. मी सुपरवायझर. एकाच खोलीत दोन खाटा. आईशी तो गोंडी बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडी, आणि इंग्रजीच्या नावानं पूज्य. दुकानात, गिरणीत, बसमध्ये त्याचं तोंड मी आणि कानही मीच. 'भाऊ, हा काय म्हनते?' — दिवसभर हेच. घरून आणलेल्या तिखटात तो खोलीतल्या शेगडीवर झुणका करायचा आणि आधी माझ्या ताटात वाढायचा. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसला. परक्या मुलखात त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मलाही त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, पण हे मी कबूल करायचो नाही.

आता त्या शनिवारचं. पुढं ढकलून ढकलून किती ढकलू?

घरमालकिणीची बहीण आणि तिचा नवरा पाहुणे आले होते. गाण्यानंतर एक विनोदी मालिका लागायची. तिच्यात एक भारतीय माणूस होता. म्हणजे — गोराच होता, तोंडाला तपकिरी रंग थापलेला. मुंडी हलवायचा, चुकीचं इंग्रजी बोलायचा, कोणीही त्याच्यावर खेकसायचं, आणि टीव्हीतून न दिसणारी माणसं खो-खो हसायची. खोलीही हसायची. आणि मी? मी सगळ्यांच्या आधी हसायचो. मांडीवर थाप मारून! आपल्याला विनोद कळतो हे दाखवायचं होतं ना. ज्याच्यावर हसतायत तो मी नव्हे, हेही दाखवायचं होतं.

नामदेव पाहत होता — टीव्हीकडे नाही, माझ्याकडे. मग त्यानं मोठ्यानं विचारलं, भोळेपणानंच विचारलं, "भाऊ, हा गोरा तोंडाले काय फासून बसला? अन् तुमी काऊन हासून राह्यले जी?"

सगळे वळले. पाहुण्यानं मला विचारलं, हा काय म्हणतोय?

साधं होतं हो. सांगून टाकायचं. किंवा काहीतरी थाप मारायची, भूक लागली म्हणतोय म्हणून. मी काय केलं? मी खांदे उडवले. मी म्हणालो — मला काय ठाऊक, हे जंगलातले लोक, ही जंगलातली भाषा, मला त्यातलं काही समजत नाही.

वऱ्हाडीच होती ती. माझ्या आईची भाषा, बरं का. जिच्यात मी पहिल्यांदा पाणी मागितलं, ती.

घरमालकिणीनं माझ्याकडे पाहिलं. ती आम्हाला रोज सकाळी त्याच भाषेत बडबडताना ऐकत होती. मी खोटं बोलतोय हे त्या खोलीत तिला पक्कं ठाऊक होतं. क्षणभर पाहिलं आणि तीही हसली. पाहुणा उठला, काखा खाजवून माकडासारखा हुप्प-हुप्प करू लागला, नामदेवच्या तोंडासमोर. खोली लोटपोट. आणि मी — हो, मीही हसलो.

'जंगल' हा शब्द समजायला नामदेवला माझी गरज नव्हती. तो उठला आणि खोलीत गेला. सकाळी मला म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर."

त्यानंतर तो माझ्याशी आपल्या भाषेत एक शब्द बोलला नाही. रोज संध्याकाळी टीव्हीपुढच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसायचा, ओठ हलवत, शब्द घोकत. निकाल, बातम्या, किटलीवाली बाई — सगळं. शनिवारी तो रंग फासलेला यायचा तेव्हाही उठायचा नाही. कडू काढा गिळावा तसं पाहायचा. त्या भिकार कार्यक्रमांतून तो इंग्रजी शिकला, का? तर माझी गरज पडू नये म्हणून.

परत आल्यावरही तसंच. लग्नात भेटो, कारंज्याच्या स्टँडवर भेटो, दहा जणांशी वऱ्हाडी आणि माझ्याशी इंग्रजी. लोक कौतुकानं पाहायचे, दोघं विलायतेहून आलेले साहेब कसे फाडफाड बोलतात! आणि मी ते कौतुक खिशात घालायचो. थू!

गेल्या महिन्यात कळलं, नामदेव सेवाग्रामला दवाखान्यात आहे, फार थकलाय. गेलो. वॉर्डाच्या दारात त्याची नात भेटली. तिला विचारलं, नामदेवभाऊचा पलंग कोनता व माय? तिनं नेलं. तो तिच्याशी हळू आवाजात काही बोलत होता, उशी सरकव, पानी दे असं. मला पाहिलं आणि म्हणाला, "प्लीज सिट डाऊन, सर. थँक यू फॉर कमिंग."

पोरीला नवल वाटलं. "आबा, यायच्याशी इंग्रजीत काऊन बोलता जी? आत्ताच तर हे माह्याशी आपल्यासारखे बोलले."

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला म्हणाला, "बोलता येते त्यायले, बाई. समजत नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी काही बोलेन म्हणून थांबली असावी. मी स्टुलावर नीट बसलो आणि म्हणालो, "यस."