बसलेला पैसा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात हिशेबाचं टेबल बावीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. सगळे त्यांना ताई म्हणत, मालकसुद्धा. पैशाचे त्या दोनच प्रकार मानायच्या: खेळता आणि बसका. पुठ्ठा, डिंक, पगार यांत फिरून महिना-दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून परत येतो, तो खेळता. यंत्रात नाहीतर छपरात गेला की बसला; मग तो उठायला वर्षं लागतात. पुस्तकातले शब्द भारदस्त होते, खेळतं भांडवल आणि भांडवली खर्च, पण कामगारांना ताईंचेच पाठ होते.

थोरल्या मालकांनी मरण्याआधी एक शहाणपण करून ठेवलं होतं. चेकवर दोन सह्या: एक मुलाची, एक ताईंची. मुलगा गुणी, पण भारी उतावळा. एक दिवस तो नाचतच आला. छापून, कापून, घडी घालून देणारं यंत्र, आणि सवलत आठवडाभरच.

“ताई, खात्यात पैसे आहेत की!”

“आहेत, पण ते खेळते आहेत. यंत्रासाठी बँकेचं मुदतीचं कर्ज काढू. दोन महिने लागतील, लागू देत.”

“तोवर सवलत जाईल. बाबांनी अडवलं असतं का मला?”

अडवलं असतं, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. पण तो फुललेला चेहरा पाडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सही केली. बावीस वर्षांत बाईंनी एकदाच मन मोठं केलं, तेही नेमकं नको तिथे.

यंत्र आलं आणि ऑर्डरी दुप्पट झाल्या. तिथेच घात झाला. दुप्पट खोक्यांना दुप्पट पुठ्ठा लागतो. पुठ्ठेवाला रोख मागतो आणि गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देतं. खात्यात खडखडाट, आणि नवंकोरं यंत्र पुठ्ठ्यावाचून उभं. काम नाही म्हणून धंदे बुडतात. हा हाताशी काम असून गुदमरला. तिसऱ्या महिन्यात यंत्र पडत्या किमतीला विकलं, तरी दहा माणसं कमी करावी लागली.

त्यांच्या शेवटच्या पगाराची पाकिटं ताईंनीच वाटली. रांगेत सहावी होती खोक्यांना डिंक लावणारी बाई. तिने पाकीट न मोजता पिशवीत टाकलं.

“ताई, खेळता न् बसका तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तुम्हाला कळलं नव्हतं का?”

मालकाकडे बोट दाखवलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती.

“कळलं होतं,” ताई म्हणाल्या. “तरी सही केली.”

“मग आम्ही भरवसा कोणावर ठेवायचा होता?”

ताईंनी पुढचं पाकीट उचललं. मागे अजून चार जण उभे होते.